परडीची पूजा

डोळे मिटा पाहू जरा. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही चौथीच्या वर्गात बसला आहात. गाव बेंगळुरू, पण काचेच्या उंच इमारतींचं नव्हे. त्याच्या आधीचं, नव्वदच्या दशकातलं. के. आर. पुरमच्या रेल्वे स्टेशनामागे लेथच्या शेडांची एक गल्ली आहे आणि गल्लीच्या टोकाला तांबड्या कौलांची बैठी शाळा. बाहेर कुणीतरी लोखंड कापतंय, त्याचा किरकिराट थेट वर्गात येतोय. तुमच्या मिसनी टेबलावर बांबूची एक मोठी चौकोनी परडी आणून ठेवली आहे, तिच्यावर पातळ फडकं आहे, आणि त्या म्हणताहेत, "कुणी बोलायचं नाही. नुसते कान द्या."

तुम्ही कान देता. सगळा वर्ग कान देतो. बाहेरचा किरकिराट थांबतो आणि तेवढ्यात परडीतून आवाज येतो. बारीक, सलग, कुरकुर कुरकुर. जणू फडक्याखाली लपून कुणीतरी चोरून पापड खातंय.

"कोण खातंय, मिस?" पहिल्या बाकावरच्या शिल्पाश्रीला राहवलं नाही.

"ये की. तूच काढ फडकं."

आता डोळे उघडलेत तरी चालेल. शिल्पाश्रीनं दोन बोटांनी फडकं उचललं. हिरव्या पानांवर पांढुरक्या अळ्या पसरल्या होत्या, करंगळीच्या पेराएवढ्या, आणि सगळ्या एकजात पानांच्या कडा कुरतडत होत्या. मागच्या बाकावर कुणीतरी "अय्यो, हुळू!", म्हणजे किडे, म्हणून किंचाळलं. दोघीजणी बाकावर चढल्या. शिल्पाश्री मात्र इतकी वाकली, की तिची वेणी परडीत पडली.

"वेणी सांभाळ, खातील," मिस, म्हणजे तुंगाबाई, म्हणाल्या.

"खरंच?"

"नाही गं. तुतीच्या पानाशिवाय त्यांना काही चालत नाही. जेवणाच्या बाबतीत तुझ्याहून हट्टी आहेत."

तुंगाबाईंना शाळेत सगळे तुंगा मिस म्हणत. घरी मराठी, वर्गात कन्नड, आणि शिल्पाश्रीसारखं मराठी घरातलं मूल समोर आलं, की पुन्हा मराठी, असा त्यांचा दिवस जायचा. तरुणपणी कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत बदली म्हणून आल्या, त्या तिथंच राहिल्या. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, वर्ग मात्र चौथीचाच राहिला.

शाळेत पाठसाधनांचं एक लाकडी कपाट होतं. त्यात पृथ्वीचा गोल होता, प्लॅस्टरचा एक भला मोठा कान होता, रंग उडालेला बेडूक बरणीत बसला होता, आणि 'सजीव आणि निर्जीव', 'वनस्पतीचे भाग', 'प्राण्यांचे अन्न' असे कापडावर चिकटवलेले तक्ते गुंडाळून ठेवलेले होते. सजीवांबद्दल त्या कपाटात सगळं काही होतं, सजीव तेवढा नव्हता. म्हणून तुंगाबाई दरवर्षी काहीतरी हलणारं, वाढणारं वर्गात आणायच्या. कधी ओल्या कापसात अवऱ्याचं, म्हणजे पावट्याचं, बी, कधी तळ्यातली बेडकाची पिल्लं, एका पावसाळ्यात तर काचेच्या पेटीत गोगलगायी. यंदा देवनहळ्ळीच्या मंजुनाथनं, त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं, आपल्या घरच्या रेशमाच्या अळ्या बसमधून मांडीवर धरून आणून दिल्या होत्या.

"मिस, ह्या मोठ्या होऊन काय होतात?"

"अंगाभोवती धागा विणतात आणि आत झोपतात. त्याला कोष म्हणायचं. आतून पतंग बाहेर येतो."

"मग आईच्या साडीचं रेशीम?"

"ते त्याच कोषाचं."

"मग पतंग कोष फोडून गेल्यावर धागा तुटत नाही?" हे विचारलं शिल्पाश्रीनंच.

असे प्रश्न आले, की पुष्कळ मोठी माणसं म्हणतात, घंटा झाली. तुंगाबाईंना ते जमत नसे.

"तुटतो," त्या म्हणाल्या. "म्हणून बाहेर यायच्या आत कोष गरम पाण्यात घालतात. आतला जीव मरतो. धागा अख्खा निघतो."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीचे डबे बरेचसे तसेच परत गेले. पण दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा परडीभोवती होते. जिवाबद्दल शिकवायचं तर जिवाबद्दल खोटं बोलायचं नाही, एवढंच तुंगाबाईंचं अध्यापनशास्त्र होतं.

परडीचे नियम त्यांनी फळ्यावर लिहिले. हात साबणानं धुऊन कोरडे करायचे. ओलं पान घालायचं नाही. तोंडाला पावडर लावून, डोक्याला वासाचं तेल लावून जवळ यायचं नाही. पान घालायचं काम शिल्पाश्रीनं आपण होऊन पत्करलं. तिला घरी अशीच सवय लागली होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला भाऊ झाला होता, आणि शाळेतून गेल्याबरोबर दप्तर टाकून ती त्याला मांडीवर घेऊन बसायची. तिच्या लेखी परडी म्हणजे वर्गातलं बाळ होतं.

एके सकाळी ती धावत तुंगाबाईंकडे आली. "मिस, कुणीच खात नाही! सगळ्या डोकं वर करून बसल्यात!"

खरंच, परडी गप्प होती. अळ्यांनी अंगाचा पुढचा भाग वर उचलला होता आणि हलायचं नाव नव्हतं.

"आता त्या कात टाकणार," तुंगाबाईंनी सांगितलं. "अंग वाढलं, कातडं पुरेना झालं. तुला गेल्या वर्षीचा फ्रॉक होतो का? तसंच. खेड्यात याला ज्वर आला म्हणतात. पण हा ताप नव्हे, झोप आहे. या वेळी त्यांना हात लावायचा नाही."

"प्रार्थनेला उभं राहिल्यासारख्या दिसतात, मिस."

"दिसतात खऱ्या," तुंगाबाई हसल्या.

नेमका तोच दिवस दसऱ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. नवमीला गल्लीतल्या शेडांत आयुधपूजा व्हायची, तेव्हा शाळेला सुट्टी असे. म्हणून शाळा आपली पूजा आधीच उरकून घेई. हेडमास्तर भीमाचार्य सोवळं नेसून आले. कपाट रिकामं करून सगळी पाठसाधनं हॉलमध्ये सतरंजीवर मांडली गेली. पृथ्वीच्या गोलाला उत्तर ध्रुवावर कुंकू लागलं. प्लॅस्टरच्या कानात शेवंतीचं फूल खोवलं गेलं, तेव्हा मुलं इतकी हसली, की आचार्यांचा मंत्र चुकला. शाळेची घंटा, तराजू, कंपासपेटी, आचार्यांची सायकल, बरणीतला बेडूक, कुणी म्हणजे कुणी राहिलं नाही.

"वर्षभर यांनी आपल्याला शिकवलं," तुंगाबाईंनी मुलांना सांगितलं. "आज यांना कामाला लावायचं नाही. आज नुसते आभार मानायचे. ज्यानं ज्यानं आपल्याला काही शिकवलं, त्याला हात जोडायचे."

मुलांनी हात जोडले. मग कडलेपुरीची पाटी पुढे आली, चुरमुरे, डाळं आणि खोबऱ्याचे तुकडे. एकच झुंबड उडाली.

"मिस, परडी?" गर्दीतून शिल्पाश्रीनं विचारलं.

"ती मागच्या खोलीत आहे. झोपल्यात त्या, राहू दे," असं म्हणून तुंगाबाई पुढच्या ओंजळीत कडलेपुरी घालायला वळल्या.

सगळी मुलं गेली, सतरंज्या झाडल्या, आचार्यांनी फराळाला थांबवून घेतलं. तुंगाबाईंना न्यायला त्यांचे यजमान गुंडूराव आले, तोवर उन्हं उतरली होती. गुंडूराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही वस्तू न सांडता नेता येते, असा त्यांचा दावा होता. परडी घरी न्यायला म्हणून दोघं मागच्या खोलीकडे गेले.

दार उघडलं आणि देवळात पाऊल टाकावं तसा वास आला. उदबत्ती, कापूर, शेवंती.

परडीच्या कडेवर चारी बाजूंना हळदीकुंकवाची बोटं उठली होती. चार कोपऱ्यांत कापराच्या वड्या होत्या. मधोमध केळ्याच्या तुकड्यात खोवलेल्या उदबत्त्या जळून राख झाल्या होत्या. आणि प्रत्येक अळीच्या डोक्यावर, काडीच्या टोकानं लावावा तसा, कुंकवाचा एकेक ठिपका होता. एकाही अळीला चुकवलेलं नव्हतं.

पुष्कळशा अळ्या अंग आकसून आडव्या झाल्या होत्या. काहींच्या तोंडातून हिरवट पाणी आलं होतं. काही अजून डोकं वर करून होत्या. त्या झोपेत आहेत की गेल्या, ते कळायला मार्ग नव्हता.

तुंगाबाईंनी खिडकी उघडली आणि त्या खाली बसल्या.

"कुणी केलं गं हे?" गुंडूराव म्हणाले.

"ज्यानं केलं, त्यानं मनापासून केलंय," त्या म्हणाल्या.

भीमाचार्य दारात येऊन उभे राहिले. परडीकडे बघून म्हणाले, "तक्ता आणला असतात, तर पूजा करा, आरती करा, काही झालं नसतं, मिस."

"होय, सर."

"पण तक्त्याची एवढी पूजा कुणी केली नसती," असंही तेच म्हणाले आणि सायकल घेऊन निघून गेले.

घरी तुंगाबाईंनी एकेक अळी पिसानं अलगद उचलून कोऱ्या कागदावर ठेवली. ज्या गेल्या होत्या, त्या अंगणातल्या तुतीच्या बुंध्याशी पुरल्या. जेवायला बसल्यावर गुंडूराव म्हणाले, "मला आयुष्यात कुणी पिसानं उचललं नाही." एरवी त्या हसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी शिल्पाश्री उभी. एका हातात डबा.

"आईनं चिरोटे दिलेत. मिस, परडी इकडं आणलीत ना? बघू की!" आणि उत्तराची वाट न बघता तिनंच सांगून टाकलं, "मी त्यांची पूजा केली काल! तुम्ही सगळ्यांची केली, त्या कानाची पण केली, ह्यांचीच राहिली होती. दाराआड एकट्याच होत्या. मला बरं वाटलं नाही."

तुंगाबाईंनी तिला आत घेऊन फाटक लावलं.

"अप्पा शेडमध्ये लेथची करतात ना, तश्शीच केली. आधी हळद, मग कुंकू, मग चार कोपऱ्यांना कापूर. काडी पेटवली नाही हां, कापूर नुसता ठेवला. उदबत्ती हॉलमधली पेटलेलीच आणली. आणि दार नीट लावून घेतलं, पाल येऊ नये म्हणून. हलल्या पण नाहीत, मिस! शहाण्यासारख्या बसल्या पूजेला."

शिल्पाश्रीच्या पाठीमागे, पायरीवर पेपर घेऊन बसलेले गुंडूराव जोरजोरानं मान हलवत होते. नको. सांगू नको.

सोपं होतं. सगळ्या झोपल्यात, सुट्टी संपल्यावर बघ, म्हणायचं. तुंगाबाईंच्या ओठांवर ते वाक्य आलंही. पण कोषाचं खरं सांगताना त्या चाचरल्या नव्हत्या. मग आज, प्रश्न स्वतःच्या वर्गातल्या मरणाचा होता म्हणून, चाचरायचं कसं?

"बस शिल्पा इथं. अळीला आपल्यासारखं नाक नसतं. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक भोकं असतात, त्यातून ती श्वास घेते. उदबत्तीचा धूर आणि कापराचा वास बंद खोलीत कोंडला, तो त्यांना सोसला नाही."

पोर हुशार होती. तिला पुढचं वाक्य लागलं नाही. "मेल्या?"

"पुष्कळ मेल्या. थोड्या आहेत."

"माझ्यामुळं?"

"धुरामुळं. तो तू नेलास, हे खरं. धुरानं असं होतं हे तुला ठाऊक नव्हतं, हेही खरं. मला ठाऊक होतं. पावडर नको म्हणून मी फळ्यावर लिहिलं, तेल नको म्हणून लिहिलं. उदबत्ती लिहायचं सुचलंच नाही मला. जन्मभर रोज लावते, तिला मी कधी धूर समजलेच नाही."

शिल्पाश्री रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा पायरीवर ठेवला, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"बघतेस? ज्या आहेत त्या?"

"नको," ती म्हणाली आणि हात तसेच पाठीशी धरून फाटकाबाहेर गेली.

मंजुनाथ दोन दिवसांनी तुतीच्या पानांचं गाठोडं घेऊन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडं पण पूजा असते मिस, पण उंबऱ्याबाहेर. आजी म्हणायची, देवाला बाहेरनं पण दिसतं." मग आवाज खाली आणून, "उद्या दुसरी परडी आणून देतो. त्याच वयाच्या, चांगल्या तरतरीत. पोरीला काय कळणार आहे?"

"बघू," तुंगाबाई म्हणाल्या. नको म्हणायचं बळ त्या दिवशी त्यांच्यात नव्हतं.

नवरात्र अर्धं झालं असेल, तेव्हा शिल्पाश्रीचे वडील, प्रतापराव, स्वतःच आले. हाताला ग्रीसचा वास, शर्टाच्या खिशात मापाची पट्टी. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"मिस, राग मानू नका. पण खोटं बोलला असता तर काय गेलं असतं तुमचं? नऊ वर्षांचं पोर आहे."

"काय झालं, प्रतापराव?"

"बाळाला हात लावत नाही. आधी खाली ठेव म्हटलं तर ठेवायची नाही, आणि आता पाळणा हलव म्हटलं तर पायानं हलवते. पायानं, मिस! काल बाळ रडून रडून काळंनिळं झालं, हिची आई नळावर, आणि ही पाळण्याजवळ उभी राहून त्याच्याबरोबर रडतेय. उचल म्हटलं तर म्हणते, माझ्या हातानं मरतात." त्यांनी तोंड फिरवलं. "तिची आई म्हणते दृष्ट काढूया. मी म्हटलं, आधी मिसना विचारतो."

तुंगाबाईंनी पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांत मुलांना काय काय शिकवलं असेल. हे शिकवलं गेलं होतं, अनवधानानं, आणि पक्कं बसलं होतं.

"नव्या अळ्या मिळतात म्हणे. आणा की. बघ, बऱ्या झाल्या म्हणू."

"आणि तिनं विचारलं, सगळ्या कशा बऱ्या झाल्या, तर?"

प्रतापरावांनी खिशातली पट्टी काढली आणि परत ठेवली.

"दसऱ्याला सगळे या आमच्याकडं," त्या शेवटी म्हणाल्या. "बाळालाही आणा. तोवर तिला काही म्हणू नका. पायानं तर पायानं, हलवू दे पाळणा."

"सरी, मिस," म्हणजे बरं, म्हणत प्रतापराव उठले. पाणी आता प्यायले.

ते गेल्यावर गुंडूराव म्हणाले, "काय करणार आहेस तू दसऱ्याला?"

"ठाऊक नाही."

"छान. पाहुणे बोलवायची ही पद्धत मला आवडली."

तुंगाबाई परडीपाशी जाऊन बसल्या. उरलेल्या अळ्यांना त्या रोज पानं घालत, कागद बदलत, एवढंच. त्यांच्याकडे नीट असं त्यांनी त्या दिवसापासून पाहिलंच नव्हतं, पाहवतच नव्हतं. आज चष्मा पुसून पाहिलं. अळ्या पानं खात होत्या, सावकाश, पण खात होत्या. त्यांची डोकी स्वच्छ होती. कुंकू कुठेच नव्हतं.

आणि मग त्यांना जुन्या पानांखाली, बाजूला सरकवलेल्या कचऱ्यात, ते दिसलं. त्यांनी पिसानं हळूच ओढून काढलं, बशीत ठेवलं आणि गुंडूरावांना हाक मारली.

"काय आहे हे?" गुंडूरावांनी बशी डोळ्यांजवळ नेली. "कांद्याचं साल?"

"नीट बघा."

त्यांनी नीट बघितलं. मग बशी अशी खाली ठेवली, की पार्सल ऑफिसातही कुठली पेटी इतक्या जपून ठेवली नसेल.

मंजुनाथला त्यांनी निरोप धाडला, दुसरी परडी नको.

दसऱ्याच्या संध्याकाळी गल्लीतल्या शेडांना शेवंतीच्या माळा होत्या. दारोदार फोडलेले कोहळे पडले होते. कन्नड घरांत बन्नीची पानं वाटली जातात, आपल्याकडे आपट्याची. पण सोनं दोन्हीकडे पानालाच म्हणतात. प्रतापराव बाळाला खांद्यावर घेऊन आले, त्यांच्यामागे नव्या परकर-पोलक्यात शिल्पाश्री. तिच्या हातात सोन्याची थाळी होती. ती तिनं टेबलावर ठेवली. एकेक पान चिमटीत धरून मोठ्यांच्या तळहातावर वरून सोडलं आणि पाया पडली. बोट कुणाला लागू दिलं नाही.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," गुंडूराव म्हणाले. "मी राहिलो असतो, पण ही बाई मला पितळ म्हणते."

प्रतापराव हसले. शिल्पाश्री हसली नाही.

तुंगाबाईंनी तिच्यापुढे बशी ठेवली आणि शेजारी भिंग. "हे बघ, आणि काय ते मला सांग."

हात न लावता ती वाकली. बशीत चुरगळलेली, पारदर्शक, कागदाहून हलकी सालं होती. एकेकाच्या टोकाशी मोहरीहून लहान असं एक टोपण. त्या टोपणावर लाल ठिपका.

"हे माझं कुंकू," ती पुटपुटली.

"तुझंच."

"मग ती कुठं आहे? जिला लावलं ती?"

"ती यातून बाहेर आली. मी म्हटलं नव्हतं, कातडं पुरेना झालं की टाकून देतात? तू पूजा केलीस ती याच्यावर. हे तिनं इथं ठेवलं आणि पुढे गेली. परडीत आहे, बघ."

शिल्पाश्रीनं परडीकडे नजर टाकली, लगेच मागे घेतली. "आणि बाकीच्या?"

"बाकीच्या मेल्या. त्या यायच्या नाहीत आता. तुतीखाली पुरल्यात मी."

प्रतापरावांनी खांद्यावरचं बाळ सारखं केलं.

"ह्या रागावल्यात माझ्यावर?"

"त्यांना राग येतो की नाही, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नसावं," तुंगाबाई म्हणाल्या. "भूक लागते, एवढं नक्की ठाऊक आहे."

मग त्यांनी तिला जवळ बसवलं. "एक काम राहून गेलंय माझं. इतकी वर्षं मी वर्गात काय काय आणलं. बी आणलं, बेडूक आणले, गोगलगायी आणल्या. मुलांनी ते पाहिलं, वहीत चित्रं काढली, पेपरात उत्तरं लिहिली. पण त्यांच्यातलं कुणी दाराआड एकटं राहिलं, म्हणून बरं वाटलं नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं शिकवलं त्याला हात जोडा, असं मी नुसतं म्हटलं. तू ते शोधत गेलीस. धूर चुकला. ते शोधत जाणं चुकलं नाही. त्याबद्दल मी तुझे आभार मानते, शिल्पा. त्या दिवशीच मानायला हवे होते."

आणि चौथीच्या मुलीपुढे त्या पिकल्या केसांच्या मिसनी खरोखर हात जोडले. शिल्पाश्री गोंधळून वडिलांकडे बघायला लागली.

"चहा टाकते," म्हणून तुंगाबाई आत गेल्या. यापुढे बोलण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं, आणि शिकवताना कधी थांबावं, हे त्यांना कळत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून मात्र त्यांचं लक्ष बाहेरच होतं. गुंडूरावांनी प्रतापरावांना नव्या पार्सल गाडीची हकीकत सांगायला घेतली होती. चहा आला. एका हातात बाळ धरून प्रतापराव दुसऱ्या हातानं कप उचलायला बघत होते आणि बाळ कपाकडे झेपावत होतं.

शिल्पाश्री थोडा वेळ बशीपाशी बसून राहिली. मग उठली. थाळीतलं आपट्याचं एक पान घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, परत ठेवलं. अंगणात गेली. तुतीखाली जराशी थांबली, मग टाचा उंचावून एक कोवळं पान तोडलं. नळाला हात धुतले. नव्या परकराला पुसले. पानही पुसलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. परडीशी येऊन तिनं ते सगळ्यांत बारक्या अळीपुढे ठेवलं, हळू आवाजात "सोनं घ्या" म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.

अळीनं पानाची कड चाचपली. थांबली. मग खायला लागली.

पानाला चांगली चंद्रकोरीसारखी खाच पडेपर्यंत शिल्पाश्री बघत होती. त्यानंतर ती उठली, वडिलांच्या खुर्चीजवळ भिंतीला टेकून खाली बसली, मांडी नीट घातली आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या, अप्पा. चहा निवतोय तुमचा."